सतरा घरे, काम चालू

सत्तरीत मला अक्षरं शिकवली ती सुनेने. ओढ्यातले किडे मोजून पाणी किती स्वच्छ आहे ते ठरवणं, हे तिचं काम. आठवा महिना लागल्यावर तिला वाकता येईना, म्हणून काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरून मीच पाहत बसलो. हे किडे बारीक खडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात आणि ते घेऊनच फिरतात.

वहीत मी लिहिलं, 'सतरा घरे. काम चालू.'

सुनेने कपाळाला हात लावला. "बाबा, मला जिवंत किडे हवेत. किडा गेला तरी घर मागे उरतं. आता मलाच पाण्यात उतरावं लागणार."

"गवंड्याला घरं ओळखायला शिकवतेस? रिकामी नऊ होती, ती सोडली. या सतरांच्या तोंडाशी शेवाळ न धरलेले ताजे खडे आहेत. आत कारागीर नसताना भिंत वाढते होय?"

ती हसली आणि काढलेली चप्पल तिने पुन्हा पायात घातली. अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि खाली मला सही करायला लावली.

जन्मभर घरं बांधली, पण एकाच्याही कागदावर माझं नाव नव्हतं. या सतरांच्या कागदावर आहे, ते तिच्यामुळे.