समुद्रफुलाला कळशीतलं पाणी

दोन मासे आणि एक समुद्रफूल यांचं जमावं म्हणून आमच्या ह्यांनी जेवढी खटपट केली, तेवढी आमच्या लेकीच्या, नीरजाच्या लग्नातही केली नव्हती. तेव्हा मांडवात खुर्ची टाकून बसले होते नुसते.

हे म्हणजे मोहनराव. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं. मग नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली आणि ह्यांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. त्यानंतर कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हा माणूस दीड वर्ष खिडकीशी बसून होता. मांडीवर पेपर, पण पान उलटायचं नाव नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." मला संताप यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

दोन हजार चार साली मांजलपूरला एका बारशाला गेलो आणि शेजारच्या दुकानात ह्यांना खाऱ्या पाण्याची टाकी दिसली. बारसं राहिलं बाजूला. दुकानदार हितेशभाईंना ह्यांनी तासभर प्रश्न विचारले. महिन्याभरात आमच्या हॉलमध्ये तशीच टाकी आली. सोफा गेला गॅलरीत. मी नाक मुरडलं, पण मनातून देवाला नमस्कार केला.

सहा महिने टाकीत नुसतं पाणी, दगड आणि दिवा. पाणी मुरायला हवं म्हणे. मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश आले. मोठी ती मादी, धाकटा तो नर. शेवटी आलं समुद्रफूल. दिसायला फूल, पण तो प्राणी असतो. दगडाला चिकटून बसतो आणि बोटं हलवत राहतो. दुसरा मासा जवळ गेला तर डंख मारतो, ह्या माशांना मात्र पोटाशी घेतो. एकदा मासे त्यात राहायला गेले की जोडी जमली.

पण मासे जाईनात. फिल्टरच्या नळीमागे जाऊन बसायचे. मी हितेशभाईंना फोन केला, तर गुजरातीत म्हणाले, "उतावळ ना करशो, काकी. गमशे तो जशे." घाई करू नका, आवडलं तर जातील. नीरजाला बघायला येणाऱ्या पाहुणे मंडळींकडून हे उत्तर मी पूर्वीही ऐकलं होतं.

एप्रिलमध्ये टाकीचं पाणी तापू नये म्हणून ह्यांनी वर टेबलफॅन लावला. त्यानं रोज बोटभर पाणी उडून जायचं. तेवढं आरओचं गोडं पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून भरायचं काम माझ्याकडे दिलं. आता, यंत्रातून आलेलं पाणी निर्जीव असतं हे माझं ठाम मत. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून पिण्याचं पाणी तांब्याच्या कळशीत. आरओ आलं तरी मी ते पाणी कळशीतच भरून ठेवायची. देवाला तेच, आम्हाला तेच. मग माशांनीच काय पाप केलं? रोज पूजा झाली की मी कळशीतलेच चार गडू टाकीत सोडायची. ह्यांना सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नाही.

मे संपता संपता समुद्रफूल आक्रसायला लागलं. पंज्याएवढं होतं ते सुकल्या लिंबाएवढं झालं. हे रोज पाणी तपासायचे, वहीत लिहायचे आणि वही मिटायचे. एका सकाळी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हे मेलं तर टाकी काढून टाकतो. आपल्याला जमण्यातलं नाही."

टाकी गेल्याचं मला काय दुःख? पण टाकी गेली की ती खिडकी, तो पेपर, ते "हं".

"सगळं ठीक आहे गं," हे वहीत बघत म्हणाले. "पाण्यात तांबं उतरलं असतं तर असंच झालं असतं. मासे कसेबसे सोसतात, पण ह्याला थेंबभर तांबं म्हणजे विष. पण आपल्याकडे तांबं येणार कुठून?"

मी कळशीशी उभी होते. हातात भरलेला गडू.

गप्प बसता आलं असतं. कळशी उचलून माळ्यावर टाकली असती तर कुणाला कळलं असतं? पण ह्यांचा तो पडलेला चेहरा बघवेना. "अहो," मी म्हटलं, "पाणी मी ह्यातलं घालते. दोन महिने झाले."

हे उठले. माझ्या हातातला गडू काढून घेतला, स्कूटर काढली आणि निघून गेले. मी ओट्याशी उभी राहून रडले.

तासाभरात परत आले ते तांबं तपासायची औषधं घेऊन. नळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी उजेडात धरली. पूर्वी प्रयोगशाळेत धरत असतील तशीच.

"मंदा! रंग आला बघ! तांबंच आहे!" चेहरा असा फुललेला, जणू मी पराक्रम केला होता. मला हसू आलं आणि रागही आला.

मग महिनाभर ह्यांना बसायला सवड नव्हती. दर तीन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं, तांबं शोषायला कोळशाच्या पिशव्या सोडायच्या, रंग बघायचा. रोजचं पाणी मात्र हे स्वतःच भरायचे. प्लास्टिकचा मग वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही असा. चूक माझीच होती, पण तो मग दिसला की लागायचं.

समुद्रफूल हळूहळू उलगडलं. आणि श्रावणातल्या एका सकाळी, मी फुलवाती करत असताना, शेजारच्या बाई दार उघडून बघायला येतील एवढ्या मोठ्यानं हे ओरडले, "मंदा! अगं, गेली आत!"

मोठी मासळी समुद्रफुलात अंग घुसळत होती. धाकटा काठाशी घुटमळला, मग तोही शिरला. आम्ही दोघं टाकीसमोर जमिनीवर बसून राहिलो.

थोड्या वेळानं हे उठले, वरच्या फळीवरचा मग काढला, कॅनमधून भरला आणि माझ्यासमोर धरला.

"आजचं पाणी तू घाल."

मी तो घाईनं हातात घेतला. थोडं पाणी ह्यांच्या पायावर सांडलं.

"हळू," हे म्हणाले, "नवरी आत्ताच घरात आलीय."