चौथ्या ओळीवरचं बोट

मी उत्तरांचं कार्ड बोलतोय. हसू नका! देशातल्या लोकांना काय वाटतं हे विचारत माणसं दारोदार फिरतात ना, त्यांच्या हातात मी असायचो. 'असायचो' म्हणतोय, कारण आता तिथे टॅबबाई बसल्यात.

छापखान्यात माझा जन्म झाला. जाड कागद, वर प्लास्टिकचं आवरण, आणि अंगभर उत्तरं. प्रत्येक उत्तराला नंबर. सरकार कसं चाललंय, महागाई कोणामुळे वाढली, सगळं माझ्यावर आहे. आमच्या ताई प्रश्न वाचायच्या, मला समोरच्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "नुसता नंबर सांगा." शेजारी अख्खं घर कान टवकारून बसलेलं असलं तरी कोणाला काही कळायचं नाही. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग ऑफिसने टॅब आणला. प्रश्न आणि उत्तरं तो बाईच्या आवाजात मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून मी त्याला टॅबबाई म्हणतो. "आता ते कार्ड कशाला?" साहेब म्हणाले. झालं! टॅबबाईंना मऊ पिशवी, दोन वेळा चार्जिंग, आणि ताईंची मांडी. मी जेवणाच्या डब्याखाली. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, ओसरेल कौतुक. कसलं ओसरतंय! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा एका गल्लीत प्रश्न होता: घरातल्या बाईने नोकरी करावी की नाही, हे शेवटी कोणी ठरवावं? टॅबबाईंनी खणखणीत आवाजात सुनावलं, "एक, नवऱ्याने. दोन, घरातल्या मोठ्यांनी. तीन, सगळ्यांनी मिळून. चार, तिचं तिनेच." कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेने शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठ्यांनीच." पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच.

साहेब भडकले. "अख्ख्या गल्लीचं एकच उत्तर? घरी बसून भरलंत ना? पुन्हा जा. परत असंच आलं तर उद्यापासून येऊ नका."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. मला त्यांचं वाईट वाटलं, पण टॅबबाईंची फजिती बघून आतून गुदगुल्याही झाल्या. अगं बाई, एवढ्या मोठ्याने बोललीस तर खरं कोण सांगेल?

दुसऱ्या दिवशी ताईंनी टॅबबाईंचा आवाज बंद केला आणि डब्याखालून मला ओढून काढलं. पुसलं. कोपऱ्यावरच्या घरात त्यांनी मला सुनेच्या हातात दिलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"चार."

"चार म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"चार म्हणजे चार, आई," म्हणत ती पाणी आणायला आत पळाली.

सासूबाईंना राहवेना. "मला का नाही विचारत?"

"घरटी एकालाच विचारायचं असतं, आजी. नाव मशीन काढतं. तिचं निघालं."

"बघू तरी काय लिहिलंय एवढं." त्यांनी मला डोळ्यांपासून लांब धरलं आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचली. मग चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. चांगलं दाबून ठेवलं. ताईंचं डोकं टॅबमध्ये होतं, त्यांना काही दिसलं नाही. सुनेची पावलं वाजली तशी आजींनी मला पटकन पालथं घातलं.

गल्लीचे आकडे बदलले, ताईंची नोकरी राहिली. आणि साहेबांनी शाबासकी कोणाला दिली? "बघा, टॅबमुळे किती अचूक काम होतं!" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! आता ऑफिसच्या नकळत ताई मला पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवतात. प्लास्टिक सुटत चाललंय, पण काम चालू आहे.

तरी टॅबबाईंचा हेवा काही जात नाही. मांडी नको मला, मऊ पिशवीही नको. तो आवाज तेवढा हवा होता, त्या घरात, एकदाच. आजींचं उत्तर कुठल्याच आकड्यात धरलेलं नाही. ते फक्त मला ठाऊक आहे, आणि मी पडलो मुका. त्या दोघी अजून एकाच घरात राहतात, आणि सून अजून नोकरीचा विषय काढायला घाबरते. तुम्ही कधी त्या दारावरून गेलात, तर तिला माझ्या वतीने एवढंच सांगा: बाई गं, आईसुद्धा चारच म्हणाल्या.