जुन्या विजेचा रेडिओ

टण्ण. बोटाच्या पेराएवढा स्क्रू फरशीवर पडला आणि दुपारच्या शांततेत घरभर वाजला. मी श्वास रोखून लारासकडे पाहिलं. चार वर्षांची माझी पोर चटईवर कूस बदलून पुन्हा झोपली. म्हणजे अजून अर्धा तास माझा.

आमच्या जावातल्या सोलोत वडिलांच्या मागे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. मुलगा कावडीनं नेणार, मुलगी पाठीवर, अशी रीत. माझ्या मोठ्या भावाला, मास सुबेकतीला, घर आणि बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान मिळालं. दुकान त्यानं महिन्याभरात भाड्यानं दिलं. मला मिळाला बाबांचा स्वतःचा व्हॉल्व्हचा रेडिओ. मुका, आत झुरळांची घरं, तारांवरचं रबर हात लावला की भुगा.

"घे न्दुक, घे पोरी," मास हसत म्हणाला होता, "पाठीवर मावेल असंच दिलंय तुला."

मी तो घेतला तो आईसाठी. काचबिंदूनं तिची नजर गेली, पण त्याआधीही रोज संध्याकाळी ती आणि बाबा या रेडिओवर नाटक ऐकत. मासनं तिला नवा रेडिओ आणून दिला. ती म्हणाली, "यातली माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात." मग मला हळूच विचारलं, "हजाराव्या दिवसापर्यंत होईल का गं?" हजाराव्या दिवसाचं जेवण झालं की गेलेल्या माणसाचं शेवटचं देणं संपतं. मी होईल म्हटलं.

दोन वर्षं लागली, लारासच्या झोपेच्या अर्ध्या-अर्ध्या तासांची. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून जे पाहिलं होतं ते हातांना आठवत गेलं. अकरा कपॅसिटर बदलले. स्पीकरचा फाटका कागद भाताच्या खळीनं सांधला. एक व्हॉल्व्ह जुन्या बाजारात चौथ्या खेपेला सापडला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा बाबांसारखाच वायरीच्या मध्ये एक दिवा जोडला. दिवा भक्कन पेटला, मग मंदावला, म्हणजे आत सगळं ठीक. मिनिटभरानं घरघर, आणि मग एक माणूस कांद्याचे भाव सांगू लागला. मी तो कांद्याचा भाव डोळे मिटून ऐकला.

धोका एकच होता. रेडिओ जुन्या विजेचा, एकशे सत्तावीस व्होल्टचा. मी तिसरीत असताना गावात दोनशे वीस आली, तेव्हापासून बाबा तो एका लोखंडी खोक्यातून लावत. खोकं वीज कमी करून आत सोडायचं. रेडिओ त्याच्या घरी नेऊन ठेवताना मासला मी दोनदा बजावलं, "खोक्याशिवाय लावायचा नाही. आणि मी असतानाच लावायचा."

"बरं, इंजिनीअरबाई."

हजाराव्या दिवशी मासच्या घरी पुरुष पुढच्या खोलीत चटयांवर बसले आणि आम्ही बायका मागे चुलीपाशी. जेवणाला बसायची रीतच अशी, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी तव्यावर तांदळाचे आपेम घालत होते. आई दाराशी स्टुलावर बसली होती. लारास आपल्या पाकदेच्या, म्हणजे मासच्या, मागे मागे आतबाहेर करत होती. मी ठरवलं होतं, पाहुणे आपापली शिदोरी घेऊन गेले की आईला शेजारी बसवून लावायचा.

प्रार्थना संपली तसा मासचा आवाज आला. "बाबांचा रेडिओ चालू करून घेतलाय मी. ऐकवतो."

मी उलथनं टाकून उठले तोवर गाणं सुरूही झालं होतं. प्रमाणाबाहेर मोठं. आईनं मान वर केली, तिचा चेहरा एकदम उजळला. मग वास आला.

मी पिठाच्या हातांनी पुढच्या खोलीत गेले. मागच्या जाळीतून धूर निघत होता. खोकं भिंतीशी सरकवलेलं होतं आणि त्यावर सिगारेटींची बशी होती. मी थेट भिंतीत लावलेली वायर ओढली, पण आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता, त्यातलं डांबर वितळून खाली ओघळलं होतं. तसा ट्रान्सफॉर्मर आता कुणी बनवत नाही.

"मी म्हणतच होतो, एखाद्या कारागिराला दे म्हणून," मास पाहुण्यांना म्हणाला. "हिला हौस फार."

"असू दे, बाईमाणसानं एवढं केलं हेच खूप," कोणीतरी बोललं. चार जण हसले.

आई भिंत चाचपत आली. मासनं तिला धरलं, तिनं त्याची बाही घट्ट पकडली. त्याच्याच घरात तिला राहायचं होतं. "न्दुक," ती म्हणाली, "तुझ्याकडून काही जोडायचं राहिलं का गं?"

"हो आई," मी म्हटलं. "राहिलं असेल."

"असू दे." तिनं माझा हात शोधला, पिठाचा. "मला वाटलं होतं, आज नाटक ऐकेन."

परतताना सायकलरिक्षात लारास माझ्या मांडीवर होती. झोपली असेल असं वाटलं.

"आई," ती म्हणाली, "खोकं पाकदेनी काढलं. मी तिथंच उभी होते. मग आजीला तू तुझं राहिलं असं का सांगितलंस?"