मुलाम्याच्या ब्रोचवरचा काळा डाग

जावा बेटावरील कोटागेडे गावी, जावानी वर्षाच्या पहिल्या, सुरो महिन्यातील एका शुक्रवारी सकाळी, घराण्याचे जुने जिन्नस धुण्याचा विधी चालू असताना माझ्यामुळे एक लग्न मोडायला आले होते. मित्रांनो, मी एक जुना ब्रोच आहे. जाईच्या फुलाच्या आकाराचा, पाच पाकळ्यांचा. हे मी दुःखाने सांगतो आहे असे समजू नका. मला आता फारसे काही वाटत नाही. कधीकाळी वाटत असावे. पण वर्षानुवर्षे घासले गेल्यावर ते वाटणेही वरच्या थराबरोबर निघून गेले.

चांदी महाग झाली होती त्या वर्षी कार्योदी सोनाराने मला पितळातून कापले आणि वर चांदीचा पातळ मुलामा चढवला. "आतून पितळ आहे हो. पुसा, पण घासू नका," असे त्याने गिऱ्हाइकाला बजावलेही. पुढे त्या घरात सुना आल्या, त्यांच्या सुना आल्या; बजावणे विसरले गेले आणि मी अस्सल चांदीचा ठरलो. दर सुरोत मला चिंच, रिठा आणि ताठ केसांचा ब्रश यांनी न्हाऊ घालीत. मी लखलखे, बायका कौतुक करीत. त्या कौतुकानेच मी झिजत होतो; परंतु कौतुकाविरुद्ध तक्रार कोणाकडे करावी?

यंदा घरची मालकीण वागियेम हिने साखरपुड्यात मला होणाऱ्या सुनेला, रुमिनीला, दिले. रुमिनी पहाटे चौकात फणसाची भाजी आणि अंडी विकते. सकाळभर मी तिच्या छातीवर, अंड्यांच्या पातेल्याच्या वाफेत. उरलेला दिवस पुड्या बांधायच्या रबरबँडांच्या डब्यात. थोड्याच दिवसांत मी तव्यासारखा काळा झालो. तशातच तिने मला स्नानासाठी होणाऱ्या सासरी आणले.

"वहिनी, बघा बाई हे!" वागियेमची नणंद तुमिराह ओरडली. अंगावरची चांदी काळवंडली की त्या माणसाच्या शरीरात रोग लपलेला असतो, अशी त्या गावची समजूत. "पोरीच्या पोटात काहीतरी रोग आहे. चांदी खोटं बोलत नाही. पुढच्या सापर महिन्यातलं लग्न मोडा."

"वन्सं, जरा दमानं घ्या. आधी धुऊन तर बघू," वागियेम म्हणाली आणि तिने ताठ केसांचा ब्रश उचलला.

तिने जीव खाऊन घासले. काळे गेले. पाकळ्यांवर पिवळट चट्टे मात्र दिसू लागले.

"घ्या! डाग आत मुरलाय," तुमिराह म्हणाली.

रुमिनीचे लक्ष वागियेमच्या हातातल्या चांदीच्या अंगठीकडे गेले. "आई, तुमची अंगठी अस्सल आहे ना?"

"माझ्या माहेरची आहे ती!"

"मग द्या. उकडून कुस्करलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवू, नि दुपारी बघू."

"अंगठीला जेवू घालतेस होय गं?" तुमिराह खिदळली.

दुपारी झाकण उघडले. अंगठी काळपट पडली होती.

"वन्सं, आता मलाही रोग झाला म्हणा!"

"अंडं शिळं असेल," तुमिराह पुटपुटली आणि उगाच पातेली आवरू लागली.

वागियेमने मला उलटे केले. जेथे ब्रश कधी पोचलाच नव्हता ती माझी पाठ नुसत्या रिठ्याच्या पाण्याने पांढरीशुभ्र झाली होती; तेथली चांदी शाबूत होती. पुढून पितळ उघडे पडले होते. तिने ब्रशाच्या ताठ केसांवरून अंगठा फिरवला.

मित्रांनो, काळे पडणे म्हणजे चांदीचा नाश, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. अंड्यात आणि रबरात गंधक असते, घामातही थोडेफार. ते चांदीवर काळी साय धरते, इतकेच. साय ताजी असताना रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. नंतर नीट कोरडे करून बंद डबीत ठेवावे. घासले की काळेपणाबरोबर चांदीही जाते, आणि मुलाम्याखाली दुसरी चांदी नसते. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंना हळू हाताने पुसा, एवढेच मागणे आहे. माझ्यासाठी आता त्याचा उपयोग नाही.

वागियेमने ब्रश चुलीत टाकला. मला रुमिनीच्या तळहातावर ठेवून ती नणंदेकडे वळली.

"काळा केला अंड्यानं, पिवळा केला मी. पोरीत काही खोट नाही. लग्न सापरमध्येच होईल."