बॉयलरमागची रोपं

ताईच्या लाँड्रीत अख्ख्या गल्लीचे कपडे यायचे, पण तिचा नवरा कधी तिथे फिरकायचा नाही. आत उकडतं, जीव घाबरा होतो, म्हणायचा. सारा जन्म लोकांचे जिने चढून विजेचे मीटर वाचण्यात गेला, म्हणून गल्लीत त्याला ‘मीटर’ असंच नाव पडलं होतं. तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून त्याला दोन शब्दांत सांगितलं, “सिगारेट बंद.” मीटरने खिशातलं पाकीट तिथल्याच टोपलीत टाकलं. आणि महिना उलटतो न उलटतो तोच गच्चीवर तंबाखू पेरली.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, सोडली ना तुम्ही?”

“ओढायची सोडली. लावायची कुठे सोडली?”

पण ती पानासाठी नव्हतीच. त्याच्या डोक्यात फुलं शिरली होती. तंबाखूच्या जाती पुष्कळ, हे त्याला कुठल्याशा जुन्या मासिकातून कळलं होतं. एक आपली नेहमीची, उंच, धिप्पाड, गुलाबी फुलांची, पण वासाच्या नावाने शून्य. दुसरी कुठली तरी रानटी. बुटकी, किरकोळ, फुलं पांढरी आणि चांदणीसारखी, पण संध्याकाळ झाली की असा घमघमाट सोडायची की जिना चढणारा माणूस मध्येच थांबावा. या दोघींचं एक झाड करायचं, गुलाबीही आणि सुवासिकही, असं मीटरने ठरवलं. त्याच्या रिकाम्या हातांना काहीतरी चाळा हवा होता, हे ताईला कळत होतं. म्हणून तिने अडवलं नाही.

मग सुरू झाला उद्योग. पांढरीची कळी उमलायच्या आत हळूच उघडायची, आतले परागकोश चिमट्याने खुडून टाकायचे, गुलाबीचे पराग कुंचल्याने तिथे टेकवायचे आणि दुसऱ्या कुणाचे येऊ नयेत म्हणून वरून कागदी टोपडं बांधायचं. चिमटा मेव्हणीचा, भुवया कोरायचा. ती ताईची धाकटी बहीण, लाँड्रीत इस्त्रीला असायची आणि भावजींची टोपी उडवायची एकही संधी सोडायची नाही. टोपड्यांना बांधलेल्या चिठ्ठ्याही लाँड्रीतल्याच, कपड्यांवर खूण म्हणून लावतात त्या. एकदा त्यांची अदलाबदल झाली आणि बँकेतल्या साहेबांचा शर्ट ‘आई पांढरी, बाप गुलाबी’ अशी चिठ्ठी लावून घरी गेला.

“साहेबांनी काही म्हटलं का गं?” ताईने घाबरत विचारलं.

“म्हणाले, आईचं बरोबर आहे, बाबा मात्र सावळे होते,” मेव्हणी म्हणाली. ताई इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

बोंडं धरली. त्यातून तपकिरीसारखं बारीक बी निघालं, ते मीटरने खिडकीतल्या ट्रेमध्ये पेरलं. कोंब आले. दोन दोन पानं फुटली. मीटर शेजाऱ्यांना जिन्यातून ओढून आणून दाखवायला लागला. आणि एके सकाळी रोपं मानेपाशी तांबूस पडली, पिवळी झाली, एकेक करून आडवी झाली. पाणी जास्त झालं असेल, म्हणून त्याने पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. माती बदलली, ट्रे उकळत्या पाण्याने धुतला, तरी तेच. बी उगवायचं, जरा जीव धरायचं आणि मरून जायचं. शेजारी लावलेली नुसती पांढरी, नुसती गुलाबी रोपं मात्र टवटवीत. मरायची ती फक्त दोघींची लेकरं.

तिसरी खेप आडवी झाली त्या दुपारी ताईने लाँड्रीच्या दारातून पाहिलं. समोरच्या कोपऱ्यावर सिगारेटचं दुकान होतं. मीटर त्याच्यापुढे उभा होता. घेत नव्हता, नुसता उभा. बऱ्याच वेळाने तो वळला आणि घराकडे गेला. हे पुन्हा ओढायला लागतील, असं ताईला वाटलं.

म्हणून पुढच्या खेपेचे कोंब वर आले, तेव्हा मीटर बाजारात गेलेला पाहून तिने ट्रे उचलला. मरणार तर आहेतच, निदान त्याच्या डोळ्यांसमोर नकोत. लाँड्रीच्या मागे कपडे वाळवायची खोली होती, बॉयलरला लागून, घाम काढणारी. तिथे वरच्या फळीवर, एका उंच झरोक्याखाली तिने तो ठेवला. ‘खिडकीत मुंग्या झाल्या, म्हणून लाँड्रीत हलवला,’ असं त्याला सांगितलं; तो तिकडे फिरकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सवड मिळाली की फेकून देऊ, असं मनाशी म्हणाली. मग एका हॉटेलच्या चादरींचा ढीग आला आणि ती ते साफ विसरली.

“ताई, ही पालेभाजी तुझी का?” मेव्हणीने एक दिवस आतून हाक मारली.

ताई धावत गेली. ट्रे हिरवागार होता. रोपांना चांगली चार-पाच पानं, देठ ताठ.

“पाणी कोण घालतंय यांना?”

“मीच. इस्त्रीचा फवारा मारते येताजाता. का, नको होतं?”

ताईने तिला तिथेच मिठी मारली. मग तशीच पदराला हात पुसत घरी गेली आणि म्हणाली, “चला माझ्याबरोबर. आणि आधीच सांगते, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मुंग्याबिंग्या काही नव्हत्या.”

मीटर कित्येक वर्षांनी त्या खोलीत शिरला. फळीपाशी उभा राहिला. चष्मा वाफेने भरला, तो पुसला, पुन्हा घातला. “हिरवी आहेत,” एवढंच म्हणाला.

आनंदाच्या भरात त्याने ती सगळी गच्चीवर नेली. मोकळी हवा लागेल म्हणून! दोनच दिवसांत निम्म्याहून जास्त माना टाकून बसली. मीटर ट्रेपुढे डोकं धरून बसला, तेव्हा ताईनेच ट्रे उचलला. “अहो, त्यांना ऊब लागते. गारव्यात आईबापांचं आत भांडण पेटतं, उबेत मिटतं. चला खाली.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? दिसतंय ना.”

वाचलेली तीन रोपं पुन्हा बॉयलरमागे गेली, आणि त्यांच्यामागोमाग मीटरही. उकाड्याची तक्रार तो पहिले काही दिवस करत होता, पुढे विसरला. रोपांपाशी नुसतं किती बसणार? म्हणून चादरींच्या घड्या घालायला लागला, मग कॉलरला इस्त्री. मेव्हणी त्याच्या घड्या उलगडून पुन्हा घालायची. “भावजी, झाडांची लग्नं लावता, आणि चादरीची दोन टोकं जुळत नाहीत?” ताईला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुपारचा चहा नवऱ्याबरोबर मिळायला लागला.

झाडं कंबरेइतकी झाली आणि त्यातल्या एकाला फूल आलं. चांदणीसारखंच, पण जरा मोठं आणि कडेला फिकट गुलाबी. संध्याकाळी यंत्रं बंद करून तिघं भोवती उभी राहिली. मेव्हणीने आधी नाक खुपसलं. “मला तर खळीचाच वास येतोय बाई.” मीटरचं नाक सिगारेटने कधीच बोथट केलेलं, त्याने ताईकडे पाहिलं. ताईने डोळे मिटले. साबणाच्या, ओल्या सुताच्या वासामागून काहीतरी गोडसर, अगदी पुसट आलं.

“आहे,” ती म्हणाली. “थोडा आहे, पण आहे.”

मीटरने उगाच एका टॉवेलची घडी घातली.

बी मात्र धरलं नाही. फुलं गळायची, बोंडं पोकळ. मीटर आता खचला नाही. त्याने फांद्या कापून काचेच्या पेल्यांत लावल्या. बऱ्याच कुजल्या, काहींना मुळं फुटली, त्या त्याने कुंड्यांत लावल्या. त्यातली एक कुंडी मेव्हणीने जागा नाही म्हणून दाराबाहेरच्या पायरीवर ठेवली आणि कुणाला सांगायची विसरली. गार वारं सुटलं तरी तिने मान टाकली नाही. का, ते मीटरला सांगता येईना. आठवडाभर तो रोज सकाळी उठून आधी तीच बघायचा, आणि ती आपली तशीच उभी.

“आता हिलाच आई करू,” तो म्हणाला. “पराग या खेपेला पांढरीचे. वास वाढेल.”

“आणि बी नाही धरलं तर?”

“तर पुन्हा करू.”

त्याने चिमटा काढला. ताईने तो त्याच्या हातातून घेतला. “आता मी करते. आणि उजेडातून सरका जरा.”

तो सरकला. ताईने कळी दोन बोटांत धरली आणि श्वास रोखून चिमटा आत घातला.