हातमोजे धुणारे हात

बागांमध्ये फवारणी करणाऱ्यांत त्याला सगळे मास्टर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध सातवीपर्यंतचा, आणि तोही नाइलाजाचा. पण पाठीवर पंप घेऊन औषध कसं मारावं हे सांगायला तो उभा राहिला, की खऱ्या गुरुजींनीही वही उघडावी असा त्याचा थाट. आता औषध म्हणायचं ते आपलं म्हणण्यापुरतं. किडीला मारतं तोवर त्याला औषध म्हणायचं आणि माणूस आडवा झाला की विष म्हणायचं, अशी आपली सोयीची रीत आहे. मास्टर पहिल्यापासून विषच म्हणायचा. म्हणूनच तो वीस वर्षं टिकला होता.

दर हंगामाच्या तोंडावर आरोग्य केंद्राच्या लांबट खोलीत फवारणीवाल्यांना बोलावत आणि पहिला तास मास्टरचा असे. वारा पाठीशी घ्यायचा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश चालवायचा. तंबाखूची पुडी खिशात ठेवायची नाही, घरी ठेवायची, आणि खरं तर घरीही ठेवायची नाही. मग तो स्वतःचे रबरी हातमोजे वर धरायचा. कोपरापर्यंतचे, लिंबाच्या रंगाचे, डाग म्हणून नाही. "तिसरा हंगाम आहे यांचा. बघून घ्या," असं तो म्हणायचा, आणि लोक खरोखर बघून घ्यायचे.

शेवटी यायची ती लक्षणं. ती तो बोटांवर मोजून पाढ्यासारखी म्हणायचा: डोकं दुखणं, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांतून पाणी, नजर अंधूक, घाम, हाताला कंप. "यातलं एक जरी झालं तरी पंप खाली ठेवायचा आणि इथे यायचं. उद्या नाही, लगेच." त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, हा उघड्या अंगाने फवारणी करणारा गडी. तो मागच्या बाकावरून ओरडायचा, "भाऊजी, मला सातही होतात, पण सासरी गेल्यावर!" खोली हसायची. मास्टरही हसायचा, पण पाढा पुरा करूनच.

घरी आल्यावरही त्याची शिस्त सुटत नसे. अंगावरच्या कपड्यांनी तो कधी उंबरा ओलांडला नाही. मागच्या दाराने यायचा, परसातल्या नळाखाली साबण लावून आंघोळ करायचा, स्वच्छ कपडे घालायचा आणि मगच घरात. विष घरात आणायचं नाही, हा त्याचा नियम. जाड निळा डगला, पँट, टोपी आणि हातमोजे तो तिथल्याच बादलीत टाकायचा. तिथून पुढचं काम त्याचं नव्हतं.

तिथून पुढचं काम बायकोचं. डगल्याच्या खांद्यावर पंप पाझरायचा, तिथे तेलकट डाग पडायचा, आणि तो साध्या पाण्याने जात नसे. म्हणून ती पाणी गरम करायची, त्यात डगला भिजवायची आणि ब्रशने घासायची. हातमोजे ती आतून बाहेर उलटे करायची आणि एकेक बोट चोळून धुवायची, उघड्या हातांनी. मग दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. मास्टर ज्या हातमोज्यांचं कौतुक भरल्या खोलीत सांगायचा, त्यांची ही सगळी कहाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, आणि दिवा जितका मोठा तितका तो कोणाच्या लक्षात येत नाही.

तिने सांगितलं नव्हतं असं नाही. त्रास सुरू झाला त्या वर्षी ती म्हणाली, "अहो, तुमचे कपडे धुतले की डोकं धरतं."

"उपाशीपोटी धुवायला बसतेस. आधी काही खात जा."

ती खाऊन बसायला लागली. मग मळमळायला लागलं. तेव्हा तो डोळे मिचकावून म्हणाला, "गोड बातमी आहे की काय?" मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बायको लाजली, हसली, आणि विषय तिथेच राहिला. पुढे डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तर त्याने दुसऱ्या कंपनीचा साबण आणून दिला. नजर अंधूक झाली तेव्हा तो स्वतः तिला तालुक्याला घेऊन गेला आणि चष्मा करून आणला. वर्षभराने दुसरा आणला, पहिल्यापेक्षा चांगल्या काड्यांचा. मास्टर वाईट नवरा नव्हता हो. तिने काही सांगितलं आणि त्याने हालचाल केली नाही असं एकदाही झालं नाही. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

ती काजं करायची. बाजारातल्या शिंप्याचे शर्ट घरी यायचे, आणि सहा काजं करून, सहा बटणं लावून परत जायचे. मशीनच्या काजाला तिने कधी काज म्हटलं नाही. तिचा टाका इतका दाट, की शर्ट विरून गेला तरी काज उसवायचं नाही. दुपारी खिडकीशी बसून ती ते काम करायची तेव्हा कोणी बोललेलं तिला ऐकू येत नसे. लग्नानंतर या घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते म्हणजे खिडकीजवळचं स्टूल आणि तो सुईदोरा. ते आता जायला लागलं होतं. दोन वर्षांपासून टाका मागेपुढे पडत होता. गेल्या महिन्यात शिंप्याने एक गठ्ठा परत पाठवला, वर निरोप, "वहिनी, एकदा डोळे दाखवून घ्या." तिने सगळी काजं उसवली आणि पुन्हा केली. ती पहिल्यापेक्षा वाकडी झाली.

"डोळ्यांचं काही नाही," ती त्या संध्याकाळी मास्टरला म्हणाली. "हात ऐकत नाहीत माझे."

"वय होतं गं," मास्टर म्हणाला. ती एक्केचाळीस वर्षांची होती. त्याचे स्वतःचे हात सत्तेचाळिसाव्या वर्षी पंपाचा दट्ट्या दिवसभर ओढत होते, हे त्याच्या मनात आलं नाही. खरं तर तेव्हाच यायला हवं होतं. ते का आलं नाही, हे पुढे किती तरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला.

या वर्षी केंद्रात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी निरोप पाठवला की, फवारणीवाल्यांनी येताना घरात त्यांचे कपडे जो धुतो त्याला बरोबर आणावं. पुरुषांना ही मोठी गंमत वाटली. मेव्हणा म्हणाला, "माझे कपडे पाऊस धुतो, त्याला आणू का?" तरी बायका आल्या. कोणाची आई आली, कोणाची सून. मास्टरची बायको शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसली, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

मास्टरने तास सुरू केला. वारा झाला, नोझल झालं, तंबाखू झाली. हातमोजे वर धरून झाले. लक्षणांपाशी आला तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. "मास्टर, एक मिनिट. हे हातमोजे फारच स्वच्छ आहेत. कोण धुतं?"

"आमच्या घरी," मास्टर अभिमानाने म्हणाला.

"घर धुतं?" बाई म्हणाल्या. लोक हसले. "आणि धुताना त्यांच्या हातात काय असतं?"

उत्तर मास्टरला तेवढ्यात आलं होतं. त्याने हातमोजे टेबलावर ठेवले.

बाईंनी वाट पाहिली नाही. त्या बायकांकडे वळल्या आणि मास्टरचाच पाढा त्यांनी सावकाश म्हटला. विष कपड्यात मुरतं, गरम पाण्याने आणि घासण्याने ते धुणाऱ्याच्या कातडीतून आत जातं, थोडं थोडं, वर्षानुवर्षं, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "यातलं काही ज्यांना होतं त्यांनी हात वर करा. लाजायचं काही नाही."

एक म्हातारी होती, तिने पहिल्यांदा हात वर केला. मग तिच्या शेजारणीने केला. मग दोघी तिघी, मग मेव्हण्याच्या बायकोने, आणि मेव्हण्याच्या तोंडचं हसू तसंच राहून गेलं. बघता बघता अर्ध्याहून अधिक हात वर झाले. पुरुष मागे वळून बघत होते, आणि आपल्याच घरातला हात वर दिसला की समोर बघत होते.

मास्टर फक्त भिंतीकडे बघत होता. त्याच्या बायकोचा हात वर आला नाही. तिने दोन्ही हात पिशवीखाली घातले होते आणि ती त्याच्याकडे बघत होती. मुलीच्या शाळेत त्याला भाषण करायला बोलावलं होतं तेव्हा ती अशीच बसली होती, हा कुठे अडखळू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई एकेकीपाशी जाऊन कागदावर लिहून घेत शेवटच्या रांगेत पोचल्या. "तुम्ही मास्टरांच्या ना? तुम्हाला काही त्रास?"

"नाही हो, मला काही नाही."

"हात दाखवा बरं."

तिने उजवा हात काढला. बाईंनी त्यावर एक कोरा कागद आडवा ठेवला. कागद थरथरायला लागला. तो वाजलेला टेबलापाशी उभ्या मास्टरलाही ऐकू आला.

"हे किती दिवसांपासून?"

"थोडे दिवस."

"घरी कधी सांगितलंत?"

"नाही," ती म्हणाली. "मी कोणाला बोललेच नाही. मी आपली अंगावर काढत बसले."

ती हे इतकं सहज म्हणाली, की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. मेव्हण्याला वाटलं. "बघा, आमची बहीण पहिल्यापासून अशीच, मुकी," तो पुटपुटला. मास्टरला तिथे गप्प बसता आलं असतं. ती त्याच्यासाठी दार उघडं ठेवून बसली होती, त्याने फक्त त्यातून निघून जायचं होतं. त्याची लाज राहिली असती, मास्टरकी राहिली असती, आणि दोष एका गरीब, न बोलणाऱ्या बाईवर गेला असता.

"सांगितलं होतं," मास्टर म्हणाला.

"अहो, गप्प बसा ना," ती हळूच म्हणाली.

"सांगितलं होतं, डॉक्टरीणबाई. दर वेळी सांगितलं. डोकं दुखतं म्हणाली, मळमळतं म्हणाली, डोळ्यांचं सांगितलं, हातांचंही सांगितलं. मी इथे जे म्हणून दाखवतो ना, ते सगळं तिने घरी मला म्हणून दाखवलं." त्याने टेबलावरचे हातमोजे बाजूला सारले. "मला ऐकू आलं नाही. तुम्ही लिहा तसं."

बाईंनी लिहिलं नाही. बाईंनी कागद बाजूला ठेवला, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली. रक्त आजच तपासू म्हणाल्या. धुणं या घडीपासून बंद. डोकं, मळमळ, डोळे यांना उतार पडेल, बहुतेक बराच पडेल.

"आणि बोटं?" तिने विचारलं. "मी काजं करते."

"बोटांचं मी आज खोटं सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पूर्वीसारखं बारीक काम होईलच असं नाही."

ती मान हलवत राहिली. बाजारात भाजी महाग आहे असं कोणी सांगितल्यावर हलवतात तशी. मग तिने हात सोडवून घेतला आणि पुन्हा पिशवीखाली ठेवला.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "घरी ऐकलं नाही, ते नाही. पण केंद्र तुमच्या घरापासून चार पावलांवर. इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः कधी इथे का आला नाहीत?"

तिने मास्टरकडे पाहिलं. तो टेबलापाशी उभा होता, आणि त्याच्या मागे भिंतीवर तो शिकवायचा तोच लक्षणांचा तक्ता होता.

"यांना सगळं कळतं ना यातलं," ती म्हणाली. "लांबून लांबून लोक यांना विचारायला येतात. मला वाटायचं, काही असतं तर हे बोललेच असते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्टरने तो झेलला असता, घरी जाऊन दोन शब्द बोलून मोकळा झाला असता. तिने ते साधं, खरं सांगितलं होतं, आणि तिचा अजूनही तसाच विश्वास असावा अशी ती त्याच्याकडे बघत होती.