'राखेतला बूट', पृष्ठे १७६

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नाशिकला शालिमारजवळच्या आमच्या ऑफिसात एक बाई आल्या आणि पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"तुम्ही पृष्ठे १७६ छापलंत," त्या म्हणाल्या. "माझं पुस्तक १९२ पानांचं आहे."

त्या सरिता पगारे. वय चाळीसच्या आसपास, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा तपासतात त्या प्रयोगशाळेत सहायक. 'राखेतला बूट' ही त्यांची पहिली रहस्यकादंबरी. तिचं परीक्षण मी नऊ तारखेच्या रविवारी लिहिलं होतं.

मी दैनिकात उपसंपादक. रहस्यकथांवरचं रविवारचं सदर सहा वर्षं चालवत होतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या कादंबऱ्या लिहीत होतो. दोन छापून झाल्या होत्या. तिसरी दीड वर्ष शेवटच्या प्रकरणाशी अडली होती.

कपाटातून परीक्षणासाठी आलेली प्रत काढली. शेवटचं पान १७६, त्यानंतर थेट मलपृष्ठ. बांधणीत सोळा पानांचा शेवटचा फॉर्मा घालायचा राहून गेला होता. वाक्य मध्येच तुटलं असतं तर माझ्या लक्षात आलं असतं. पण ते पान पूर्णविरामावर संपत होतं. वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यात बेपत्ता ऑपरेटरचा एक बूट सापडलेला, संशयित पाच, आणि तपास करणारी बाई खिडकी लावून घेऊन कामाला बसते. मी लिहिलं होतं, "खुनी कोण हे न सांगता थांबण्याचं धाडस या लेखिकेने दाखवलं आहे."

"खुनी मी सांगितलाय, सर," पगारेबाई म्हणाल्या. "एकशे एक्क्याऐंशीव्या पानावर. नावानिशी."

शेजारी पान लावत बसलेल्या सहकारी ललितने मान वर केली. "म्हणजे खुनी तुम्हीच दडवून ठेवलात की! आता कलम लागणार तुम्हाला."

बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यांचं काम पुढे होतं. परीक्षण वाचून मागणी आली होती आणि पुण्याचे प्रकाशक दुसरी आवृत्ती काढत होते. ते म्हणत होते, शेवटचा फॉर्मा काढूनच टाकू. कागदही वाचेल आणि पुस्तक परीक्षणाशी जुळेल.

"तुमचं काय मत?" मी विचारलं.

"मला कळेनासं झालंय. चार वर्षं लिहिलंय हे. आता लोक ज्याला चांगलं म्हणतात ते मी केलेलंच नाही. तुम्ही ही सोळा पानं वाचा आणि मला सांगा. आमच्याकडे अर्ध्या नमुन्यावर रिपोर्ट देत नाहीत."

सहाला पान छपाईला सोडायचं होतं. मी म्हणालो, पुस्तक ठेवून जा, उद्या फोन करतो.

"बसते की. माझी बस साडेसहाची आहे."

त्या समोर बसल्या आणि मी वाचलं. पहिली नऊ पानं खुन्याच्या कबुलीजबाबाची होती. तो बोलत सुटतो आणि थांबतच नाही. मधली चार चौकशीची. शेवटच्या तीन पानांत ऑपरेटरची बायको त्याचं सामान घ्यायला गेटवर येते. वॉचमन तिला पिशवी देतो. ती त्यातला जेवणाचा डबा उघडते, कप्पे एकेक करून बघते आणि एक परत करते. "हा आमचा नाही," म्हणते आणि चालत घरी जाते. पुढे काही नाही. सहा वर्षांच्या सदरात अशी तीन पानं माझ्या वाचनात आली नव्हती आणि ती नसल्याबद्दल मी लेखिकेचं कौतुक केलं होतं.

कारण मला ठाऊक होतं. मला शेवट लिहिता येत नव्हता, म्हणून शेवट नसलेलं पुस्तक मला थोर वाटलं होतं.

"कबुलीजबाब निम्मा करा," मी त्यांना म्हणालो. "डब्याची तीन पानं मात्र कुणालाही काढू देऊ नका."

"आणि धाडस?"

"ते बांधणीवाल्याचं."

"मग तसं छापा."

"छापलं तर मागणी बसेल, ताई. प्रकाशक आवृत्तीच रद्द करतील."

"करू देत. कॉलनीतल्या बायका भेटतात आणि म्हणतात, सरिता, शेवट मोकळा सोडलास ते बाई लई बेस्ट केलंस. पुस्तक वाचलेलंही नसतं त्यांनी. मी काय बोलू?"

आमचे वृत्तसंपादक कारभारी खैरनार यांच्या मते दोन ओळींची दुरुस्ती पुरे होती: पानांचा आकडा चुकला, एवढंच छापा. मी चौदा ओळी लिहिल्या, काय घडलं आणि का घडलं ते सगळं. त्यांनी वाचून चष्मा कपाळावर चढवला. "सहा वर्षं लोकांना झोडलंस, आता स्वतःला? जाऊ दे." तेवीस तारखेला चौदाच्या चौदा ओळी छापून आल्या.

एकतीस पत्रं आली. बरीचशी मला शिव्या देणारी होती. पंचवटीतला लायब्ररीवाला गोटीराम स्वतः येऊन सांगून गेला की त्याच्याकडची प्रतही अपुरीच आहे. बावीस जणांनी ती नेली, वाचली, परत केली, एकानेही तक्रार केली नाही. हे मी पगारेबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बावीस?"

माझं अडलेलं प्रकरण त्याच आठवड्यात सुरू झालं आणि नऊ दिवसांत संपलं. खुनी कोण, ते त्यात आहे. बाईंनी ते प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एका पानावर पेन्सिलीने लिहिलं, "इथे तुमचा माणूस माझ्या खुन्यासारखा भाषण करतोय." तो परिच्छेद मी काढला. सहा वर्षं मी परीक्षणं लिहिली. माझ्या पानावर असं नेमकं बोट ठेवणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. त्या बाई बस पकडून माझ्या टेबलापर्यंत आल्या, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

स्वतःच्या कबुलीजबाबाची त्यांनी नवाची चार पानं केली. डब्याची पानं जशीच्या तशी ठेवली आणि मजकूर रजिस्टर्ड पोस्टाने पुण्याला पाठवला. सोबत पत्र, शेवटाशिवाय छापू नये. प्रकाशकांचं कार्ड आलं: आवृत्ती छापखान्यात गेली आहे. कोणता मजकूर गेला, त्याचा उल्लेख नव्हता. बाईंनी फोन केला तर उत्तर मिळालं, पार्सल आलं की बघाच.

शनिवारी, १३ डिसेंबरला, दुपारी नव्या प्रतींचं पार्सल नाशिक रोडच्या एसटी स्टँडवर पोचल्याचा निरोप आला. पगारेबाई ड्युटीवर होत्या. सुटल्यावर त्या आणायला जाणार होत्या.